अक्काच्या मुलाची तिथी आणि आमचं मशीन

जामनेरची कापसाची जिनिंग बंद झाली तेव्हा हिशेबाच्या खोलीतलं सामान तिथल्या लोकांनी आपापसात वाटून घेतलं. कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखा नेला. माझ्या यजमानांनी कॉम्प्युटर आणला. मी त्यांना 'हे' म्हणते. लिहितानाही तसंच लिहिते, कारण नाव घ्यायची सवय नाही, आणि इथं कोणाचंच नाव लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

पिंप्राळ्यात आमची दोनच खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल टाकून यांनी ते मांडलं. जुन्या टीव्हीसारखा मागून फुगलेला पडदा, खाली पत्र्याचा डबा. सुरू केलं की पिठाच्या गिरणीसारखा आवाज धरायचं. मी त्याला मशीनच म्हणायची. माझ्या जुन्या साडीचा तुकडा शिवून त्याला झाकण केलं होतं. दसऱ्याला हळदकुंकू लावायची, पण बटणांना हात लावायची भीती वाटायची. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि मध्ये नाला होता, म्हणून घरच्यांनी पाठवलं नाही. वाचता येतं, लिहिता येतं, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. आमच्याकडे कोणी आलं की मी चहा घेऊन मधल्या दाराच्या पडद्यापर्यंत जायची आणि कप यांच्या हाती द्यायची.

आणि लोक खूप यायचे. यांनी त्या मशीनमध्ये पंचांग भरून घेतलं होतं. कुठल्याही वर्षाची तारीख टाकली की त्या दिवशी कोणती तिथी होती ते दिसायचं, आणि ती तिथी यंदा कधी येते तेही कळायचं. भिंतीवरचं कॅलेंडर यंदाचं सांगतं, पण बाप गेल्याला दहा वर्षं झाली आणि तारीख तेवढी लक्षात आहे, अशा माणसानं कुठं जायचं? मोबाईलवर दिसतं म्हणतात. पण श्राद्धाची तिथी लोकांना माणसाच्या तोंडून ऐकायची असते. हे पैसे घेत नव्हते. जिनिंग बंद झाल्यापासून यांना कोणी काही विचारायला येणं राहिलं नव्हतं. मशीनमुळे लोक पुन्हा 'भाऊ आहेत का घरात?' म्हणून दार वाजवू लागले. तेवढ्यावर हे खूश असायचे. संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून बसायचे.

अक्का आमच्या समोरच्या ओळीत राहते. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे अजून सगळं अहिराणीतच बोलते. नवरा लवकर गेला. एक मुलगा होता. बारीक, उंच, मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला जायचा. दोन वर्षांमागं त्याला ताप आला. आठवडाभर दवाखान्यात होता आणि तिथंच गेला. लग्न व्हायचं होतं. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही. एवढंच लिहिते की त्यानंतर अक्का बाहेर आली की कॉलनीतल्या बायका हळू बोलायच्या, आणि ती मात्र पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलायची.

वर्ष भरत आलं तेव्हा ती एका संध्याकाळी वर्षश्राद्धाचा दिवस विचारायला आमच्याकडे आली.

"भाऊ, मना पोऱ्यानं वरीस कव्हय येस, ते मशीनमा देखा ना."

हे म्हणाले, "बसा अक्का. कधी गेला होता तो?"

"सोमवारनी रातले."

यांनी मागच्या वर्षाचा तो महिना पडद्यावर आणला, सोमवारवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चतुर्दशी." मग त्या वर्षी ती चतुर्दशी कधी येते तो दिवस सांगितला. अक्कानं तो दोनदा म्हणून पाठ केला. जाताना पदराला डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, तुम्ही व्हता म्हनीसन." हे तिच्यामागं दारापर्यंत गेले.

त्या चतुर्दशीला मी पहाटेच तिच्याकडे गेले. वडे, खीर, गवारीची भाजी, कढी, सगळं आम्ही दोघींनी मिळून केलं. तिचा पुतण्या भुसावळहून आला होता, त्यानं विधी केला. चुलीतले निखारे काढून त्यावर तूप सोडलं, घास टाकला. आमच्याकडे त्याला आगारी म्हणतात. आगारीचा धूर सरळ वर गेला. पत्र्यावर पान ठेवलं तर कावळा लगेच आला. अक्कानं हात जोडले. वर्षात पहिल्यांदा ती पोटभर जेवली असं मला वाटलं. उरलेलं तिनं डब्यात घालून आमच्याकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दीर आला. विधी करणाऱ्या पुतण्याचा बाप, पण हा गावी आणि मुलगा भुसावळला, दिवसाचं बोलणं झालं नव्हतं. शेती सांभाळून असतो, टेम्पो आहे. हातात पिशवी, अंगावर धुतलेली बंडी. आज अक्काच्या मुलाचं वर्षश्राद्ध म्हणून तो पहिल्या एसटीनं आला होता. येऊन पाहतो तर भांडी घासून उपडी घातलेली.

मी ओट्यावर होते. त्याचा आवाज आधी अक्काच्या घरातून आला, मग रस्त्यावरून, मग आमच्या दारातून. मागं अक्का होती.

"भाऊ, काल कोणाचं श्राद्ध केलं हो तुम्ही?"

हे गोंधळले. "म्हणजे?"

"पोरगं अमावस्येला गेलं. अमावस्या आज आहे. काल कशाची चतुर्दशी काढून दिली?"

"अक्कांनी सोमवार सांगितला. मशीनमध्ये सोमवारी चतुर्दशीच आहे."

"मशीन गेलं खड्ड्यात! पहाटे अंधारात मला फोन आला. मी टेम्पो काढायला गेलो तर बायको आडवी आली, अमावस्येचं वाहन काढू नका म्हणून. तिला बाजूला करून मी निघालो. जन्मात तेवढी एकच अमावस्या मी गाडी काढली. ती मी विसरेन का?" मग टेबलाकडे हात करून म्हणाला, "भाऊ, हे पिच्चर पाहायचं खोकं आहे. याला आपल्या तिथ्या काय समजणार? तुम्ही याच्यापुढं शर्ट घालून बसता आणि लोक पाया पडतात."

अक्का पुढं आली. रडत नव्हती.

"आज मी काय करू भाऊ? घरमा कालदिननं शे. मना पोऱ्याले त्याना दिवसले शियं खावं लागनं."

मला राहवलं नाही. पडद्याआडूनच म्हणाले, "अक्का, काल कावळा लगेच आला होता."

"कावया त रोजच येस माय," ती म्हणाली. "त्याले कोन्हं बी चालस."

तिनं घरी जाऊन थोडा भात टाकला. पाऊस सुरू झाला होता. पान पत्र्यावर भिजत राहिलं, ते मी आमच्या खिडकीतून पाहिलं.

यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. संध्याकाळी मशीनसमोर बसले, पण सुरू केलं नाही. मग म्हणाले, "याचा सेल गेलाय. लाईट गेली की तारीख मागं पडते. मी दर वेळी नीट करून घेतो. त्या संध्याकाळी राहून गेलं असेल. मशीन एक दिवस मागं असेल, तर हिशोबही मागंच जाणार."

मला त्यातलं कळत नव्हतं. मी म्हटलं, "असेल."

"असेल काय? तपासलं पाहिजे. एका आईला मी चुकीचा दिवस सांगितला."

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून नवा सेल घेऊन आले, रुपयाच्या नाण्याएवढा. डबा उघडून तो बसवला. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन पडलं होतं. मला म्हणाले, "बस इथं. एकट्यानं पाहिलं तर मला खरं वाटायचं नाही."

मी पहिल्यांदा त्या टेबलाजवळ खुर्चीवर बसले. यांनी मशीनची तारीख एकतीस डिसेंबर केली आणि घड्याळ रात्रीच्या बाराच्या थोडं अलीकडे नेऊन सोडलं. आम्ही दोघं पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे पाहत बसलो. सेकंद पळत होते. एकोणसाठचे शून्य झाले आणि सालच बदललं. कुठं आवाज नाही, काही नाही.

"पास," हे म्हणाले.

मग फेब्रुवारीचा शेवट पाहिला. एका वर्षी एकोणतीस तारीख आली, दुसऱ्या वर्षी थेट मार्च लागला. तेही बरोबर. मग मशीन बंद करून वायर काढली, मी चहा केला, चहा पिऊन पुन्हा सुरू केलं. तारीख जागेवर होती. हे जरा हसलेसुद्धा. "एका चहात किती वर्षं गेली बघ. म्हातारी झालीस तू." मीही हसले. बरेच दिवसांत आम्ही असे शेजारी बसलो नव्हतो.

मग यांनी नवा सेल काढून जुना पुन्हा घातला. त्या संध्याकाळी जसं होतं तसंच पाहायचं म्हणाले. वायर न काढता तारीख बदलते का ते पाहिलं, ती बदलली. मग मागच्या वर्षाचा तो सोमवार लावला आणि घड्याळ बाराच्या जवळ नेलं. का लावला कोण जाणे. त्या दिवशीच मशीन अडखळत असेल असं वाटलं असावं.

बारा झाले. सोमवारचा मंगळवार झाला. यांनी पंचांग उघडलं. सोमवारी चतुर्दशी, मंगळवारी अमावस्या, आणि ती लागली मध्यरात्रीच.

यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळूच विचारलं, "अक्का काय म्हणाली होती? सोमवारी गेला, की सोमवारच्या रात्री गेला?"

त्या संध्याकाळी मी पडद्याआड होते, पण मला आठवत होतं. "सोमवारनी रातले, म्हणाली होती."

"रात्री कधी?"

ते तिला कोणी विचारलंच नव्हतं. आपल्यात कोण विचारतं? आपली रात्र दिवस उजाडेपर्यंत एकच असते. पहाटे कोंबडं आरवेपर्यंत सोमवारची रात्र सोमवारचीच. मशीनची रात्र मात्र मधोमध तुटते. बारा वाजले की पुढची तारीख.

हे म्हणाले, "तू विचारून ये. मी गेलो तर ती दार लावून घेईल."

मी जायला तयार नव्हते. ज्या बाईचा मुलगा गेला तिला, तो किती वाजता गेला, असं कोणत्या तोंडानं विचारायचं? दोन दिवस मी टाळलं. यांना झोप नव्हती. ताटावर बसून भाकरीचे तुकडे करत राहायचे. शेवटी मी गेले.

अक्का उंबऱ्याजवळ सुपात दादर ज्वारी घेऊन खडे निवडत होती. मला पाहून ये म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही. मी समोर बसले आणि सुपातली मूठभर ज्वारी माझ्याकडे ओढून निवडायला लागले. मूठ निवडून झाली तेव्हा मीच विचारलं, "अक्का, त्या रात्री तू त्याच्याजवळच होतीस?"

"जवयच व्हतू. आखो कथा जासू?"

मी मान खाली घातली. ती स्वतःहूनच बोलत गेली. तिची अहिराणी मला इथं सगळी लिहिता येणार नाही, म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. रात्री बाराला नर्स सलाईनची बाटली बदलायला आली होती. बाटलीवर चिकटपट्टी लावून तिनं वेळ लिहिली आणि म्हणाली, ही सकाळपर्यंत चालेल. ती गेल्यावर मुलानं डोळे उघडले. आईला म्हणाला, तू किती दिवस बसून आहेस, जरा आडवी हो. ती खाली चटईवर आडवी झाली. त्याचा हात कॉटवरून खाली सोडलेला होता, तो तिनं धरून ठेवला होता. डोळा लागला. जाग आली तेव्हा हात तिच्याच हातात होता, पण गार होता. बाटली अर्धी सरली होती. बाहेर अजून अंधार होता.

"त्यानी माले झोपाडं," ती म्हणाली. "माले झोपाडीसन ग्या."

माझ्या बोटांतली ज्वारी खाली सांडली. ती सांडलेले दाणे वेचायला लागली, मग एकदम थांबून म्हणाली, "तू कसाले इचारस?"

"असंच, अक्का."

"असंच कोन्ही इचारत नही."

मी उठले. तिनं पुन्हा मान सुपात घातली.

घरी आले तर हे दारातच उभे होते. मी सांगितलं, बारानंतर गेला. बाटली बदलल्यावर तिच्याशी बोलला होता.

यांचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला भीती वाटली. "म्हणजे मशीन बरोबर होतं! मीही बरोबर होतो. तिनं सोमवार सांगितला, मी सोमवार टाकला. दीरही खरा. अमावस्याच." आणि मग आपोआप त्यांचा आवाज खाली आला. आम्ही दोघंही एकाच वेळी तिथं पोचलो असणार. सगळे बरोबर असतील, तर चुकीचा दिवस सांगणारी एकटी अक्काच उरत होती. तिचा डोळा लागला आणि मुलगा गेला, हे ती वर्षभर मनात धरून होती. आता तिला सांगायचं, की त्याचा दिवसही तूच चुकवलास?

मी म्हटलं, "नका सांगू."

"मग लोक म्हणतील, भाऊचं मशीन खोटं."

ते मशीन म्हणजे यांच्याकडे उरलेली एकच गोष्ट होती, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे यांनाही माहीत होतं. हे आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

संध्याकाळी उठले. नेहमीसारखा धुतलेला शर्ट घातला. मला म्हणाले, "चल." आम्ही दोघं अक्काच्या दारात गेलो. दीर अजून गावी गेला नव्हता, आत खाटेवर बसला होता.

हे उभ्यानंच म्हणाले, "अक्का, मी तपासलं. मशीनचा सेल गेला होता. बारा वाजले तरी तारीख बदलत नव्हती. तुमचा सोमवार बरोबर होता. मशीननंच एक दिवस मागची तिथी सांगितली. चूक माझी आहे."

दीर म्हणाला, "मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो, तुम्ही सांगितलं होतं."

"मग आधीच ऐकायचं होतं. किती लोकांच्या तिथ्या बिघडवल्या असतील तुम्ही, देव जाणे."

यांनी मान हलवली. मी यांच्या मागं उभी होते. पाठीला घाम फुटून शर्ट चिकटलेला दिसत होता. मला वाटलं अक्का काही तरी बोलेल, ओरडेल. ती यांच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. तिला काही कळलं का, ते मला आजपर्यंत सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "मी सोमवारच सांगेल व्हता."

"सोमवारच सांगितला होता तुम्ही," हे म्हणाले.

"मनी चूक नही."

"नाही अक्का. तुमची काहीच चूक नाही."

तिनं दार लोटलं. आतून कडी लागली नाही, नुसतं लोटलं.

ही गोष्ट कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. दीरानं जाता जाता किराणा दुकानावर सांगितली. मग एक जण येऊन भांडला, की त्याच्या वडिलांची तिथीही आमच्याच मशीननं काढली होती. यांनी त्याचंही ऐकून घेतलं. हळूहळू दार वाजायचं थांबलं. संध्याकाळी धुतलेला शर्ट घालणंही थांबलं. मशीन सेल घालून अगदी बरोबर चालतं. कधी कधी दुपारी हे ते सुरू करतात, कोपऱ्यातली तारीख पाहतात आणि बंद करतात.

यंदा अक्कानं मुलाचं श्राद्ध अमावस्येला केलं. तिथी कोणी काढून दिली ते माहीत नाही. वड्यांचा वास आमच्या घरापर्यंत आला. मी सकाळपासून वाट पाहिली की बोलावेल, पण तिनं बोलावलं नाही, डबाही आला नाही. दुपारी हे जेवायला बसले आणि म्हणाले, "पाऊस नाही आज. बरं झालं."

परवा मी दळण घेऊन येत होते. कोपऱ्यावर अक्का उभी होती, आणि कॉलनीत नवीन राहायला आलेली एक बाई तिला पत्ता विचारत होती. तिथी काढून देणारे भाऊ कुठं राहतात म्हणून. तिला कोणी तरी जुन्या ओळखीच्या माणसानं पाठवलं असणार. तिच्या सासूचं वर्ष होतं.

"तथा जाऊ नको बाई," अक्का म्हणाली. "त्यासनं मशीन खोटं शे. मना पोऱ्याना दिवस चुकाडा त्यानी."

तेवढ्यात तिनं मला पाहिलं. ती बाईही माझ्याकडे पाहायला लागली. अक्काचा चेहरा कसनुसा झाला. माझ्या डोक्यावर दळणाचा डबा होता, तो मी एका हातानं धरला. परक्या बाईशी मी आजवर कधी आपण होऊन बोलले नव्हते.

"हो," मी म्हटलं. "आमचं मशीन खराब आहे. तारीखच बदलत नाही त्यात."

अक्का माझ्याबरोबर आमच्या दारापर्यंत चालत आली आणि मग तिच्या घराकडे वळली.